शेतामधला वाडा

बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात मी पहिल्यांदा गेलो तो पाली भाषेवरच्या एका चर्चासत्रासाठी. जेवणानंतर तासभर मोकळा होता. हे विद्यापीठ एका राजवाड्याच्या आवारात उभे राहिले, एवढे कुठेतरी वाचलेले डोक्यात होते. म्हणून यजमान प्राध्यापकबाईंना विचारले, ‘तो राजवाडा कुठे आहे?’ त्या हसल्या आणि आवाराबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, ‘तिकडे. फुटबॉलच्या मैदानाखाली.’

माझे शिक्षण पुण्याला गणेशखिंडीत झाले. तिथेही विद्यापीठ कुणाच्या तरी वाड्यातच आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरासाठी बांधलेल्या बंगल्यात १९४९ साली पुणे विद्यापीठ आले. पण तो बंगला अजून उभा आहे, त्याचा मनोरा दुरून दिसतो, आणि तो परक्या सत्तेचा होता याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. बँकॉकची गोष्ट उलटी आहे. वाडा जमीनदोस्त झाला, आणि त्याच्या मालकाबद्दलची कृतज्ञता मात्र दर वर्षी नव्याने उभी केली जाते. या कृतज्ञतेचा इतिहास कसा सांगितला जातो, त्यात काय येते आणि काय गळते, हे पाहावे म्हणून परतल्यावर मी वाचायला बसलो. हा निबंध त्या वाचनातून झाला आहे. मला थाई येत नाही. येते ती थाई भाषेत मुरलेली संस्कृत आणि पाली. त्यामुळे माझी वाट बरीचशी शब्दांवरून जाते.

आधी वाडा. राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, याने तो आपला मुलगा वजिरुणहित याच्यासाठी बांधवला. सयाममध्ये तोवर युवराज नावाचे पद नव्हते. राजाच्या खालोखाल ‘पुढच्या वाड्याचा’ अधिपती असे, तो बहुधा राजाचा भाऊ किंवा जवळचा नातलग, आणि त्याचे स्वतःचे सैन्य असे. १८८५ मध्ये तो अधिपती वारला तेव्हा राजाने ते पदच मोडीत काढले आणि युरोपीय धर्तीवर मुलाला युवराज केले. पदवीचे नाव ‘मकुटराजकुमार’. मराठी वाचकाला भाषांतर नको. या मुकुटराजकुमाराचा वाडा शहराबाहेर पतुमवान भागात भातशेतांत उभा राहिला. पतुमवान म्हणजे पद्मवन. इंग्लंडमधल्या विंडसरच्या किल्ल्यासारखा दिसतो म्हणून परदेशी लोक त्याला विंडसर पॅलेस म्हणू लागले. थाई लोकांनी त्याला दिलेले नाव मला जास्त आवडते : ‘वांग क्लांग थुंग’, शेतामधला वाडा.

युवराज त्या वाड्यात राहायला गेलाच नाही. १८९५ च्या जानेवारीत, वयाच्या सोळाव्या वर्षी, विषमज्वराने तो गेला. युवराजपद इंग्लंडमध्ये शिकत असलेल्या सावत्र भावाकडे, वजिरावुधकडे (वज्रायुध) आले, आणि शेतामधला वाडा मालकाविना राहिला. रिकाम्या वाड्यांचे जे होते तेच त्याचे झाले : त्यात शाळा भरू लागल्या.

दुसरीकडे, खुद्द राजधानीच्या महालात, १८९९ मध्ये सरकारी नोकर तयार करण्यासाठी एक शाळा निघाली होती. १९०२ मध्ये तिचे नाव राजसेवकांची शाळा झाले. आधी राजाच्या हाताखाली हुजऱ्या म्हणून उमेदवारी करायची, दरबारची रीत अंगवळणी पाडायची आणि मग कुठल्यातरी खात्यात अधिकारी व्हायचे, असा तो क्रम होता. १९१० च्या ऑक्टोबरात चुलालोंगकोर्न राजा वारला. १९११ च्या आरंभी वजिरावुधने या शाळेचे बापाच्या नावाने नागरी सेवा महाविद्यालय केले, आणि २६ मार्च १९१७ रोजी त्याला विद्यापीठाचा दर्जा दिला. विद्याशाखा चार : वैद्यक, राज्यकारभार, अभियांत्रिकी, आणि कला-विज्ञान. विद्यार्थी ३८०. पतुमवानची राजाच्या मालकीची १,३०९ राई जमीन विद्यापीठाच्या वाट्याला आली. एक राई म्हणजे १,६०० चौरस मीटर. आपल्या हिशेबाने सुमारे ५१७ एकर. शेतामधला वाडा या जमिनीतच होता, आणि अभियांत्रिकीचे वर्ग त्यात भरत.

इथवरची गोष्ट विद्यापीठही सांगते, आणि ती खोटी नाही. फक्त तिचे क्रियापद एकच असते : राजाने दिले. नाव दिले, धन दिले, भूमी दिली. दानाच्या या कथेत तीन ठिकाणी मला अडखळायला झाले.

पहिले ठिकाण पैशाचे. महाविद्यालयाचे मूळ भांडवल ९,८२,६७२ बाट होते. ही रक्कम राजाच्या खासगी तिजोरीतली नव्हती. चुलालोंगकोर्नच्या कारकिर्दीला चाळीस वर्षे झाली तेव्हा त्याचा अश्वारूढ पुतळा उभारायला प्रजेकडून वर्गणी गोळा झाली. १९०८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले आणि बरेच पैसे उरले. त्या उरलेल्या वर्गणीतून महाविद्यालय निघाले. उरलेले पैसे दुसऱ्या पुतळ्यावर किंवा देवळावर न घालवता शिक्षणावर घालावेत हा निर्णय वजिरावुधचा, आणि तो चांगला होता. देवळांऐवजी शाळा बांधण्याकडे या राजाचा कल होताच. पण निर्णय त्याचा आणि पैसे लोकांचे, हे दोन्ही एकाच वाक्यात यायला हवे. बहुतेक वेळा वाक्याचा पहिला अर्धाच छापला जातो.

दुसरे ठिकाण जमिनीचे, आणि इथे मी सर्वांत जास्त रेंगाळलो. १९१७ मध्ये विद्यापीठाला जमीन वापरायला मिळाली. मालकी राजाकडेच होती. विद्यापीठ एका अर्थाने कूळ होते. ही जमीन विद्यापीठाच्या नावावर झाली ती १९३९ च्या एका कायद्याने. आता १९३९ मध्ये सयाममध्ये काय होते ते आठवून पाहावे. १९३२ मध्ये ‘जनपक्षा’ने अनियंत्रित राजसत्ता संपवली होती. १९३५ च्या मार्चमध्ये सातवा राम प्रजाधिपोक याने इंग्लंडमधून राजत्यागाचे पत्र पाठवले होते. नवा राजा आनंद महिदोल हा स्वित्झर्लंडमध्ये शिकणारा शाळकरी मुलगा होता आणि त्याच्या नावाने राजप्रतिनिधी मंडळ कारभार पाही. राजसंपत्तीची व्यवस्था सरकारने आपल्या हाती घेतली होती. पंतप्रधान होते पिबून सोंगक्राम, १९३२ च्या उठावातले लष्करी अधिकारी. आणि त्याच वेळी विद्यापीठाचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच होते. म्हणजे देणारे सरकारही तेच आणि घेणारे विद्यापीठप्रमुखही तेच. विद्यापीठाला जमिनीची मालकी मिळाली ती राजसत्तेला वेसण घालणाऱ्यांकडून, संसदेच्या कायद्याने.

पिबून काही सत्पुरुष नव्हते. पुढे त्यांची हुकूमशाहीकडे झालेली वाटचाल प्रसिद्ध आहे. त्यांना श्रेय मिळावे म्हणून हे लिहीत नाही. माझा मुद्दा इतकाच, की सातबाऱ्यावर ज्या नोंदीने नाव चढले ती नोंद कथेतून गळते, आणि त्याआधीची वहिवाटीची परवानगी ‘दान’ म्हणून पुढे येते. गावाकडे ज्यांनी जमिनीचे दावे पाहिले आहेत त्यांना या दोहोंतले अंतर सांगावे लागणार नाही.

वाड्याचे काय झाले तेही याच काळातले. १९३५ मध्ये तो पाडण्यात आला आणि त्या जागी राष्ट्रीय क्रीडांगण झाले. युवराजाच्या दिवाणखान्याच्या जागी कवायती आणि शर्यती. वास्तू म्हणून वाईट वाटते. पण नव्या राजवटीला नागरिकांची धडधाकट शरीरे हवी होती, विंडसरची नक्कल नको होती, हेही समजते. विद्यापीठाची खरी देखणी जुनी इमारत वेगळी, महाचुलालोंगकोर्न नावाची. तिच्या पायाचा दगड १९१६ च्या जानेवारीत बसला. उतरती थाई छपरे, टोकांना नक्षी. पाहणाऱ्याला ती अस्सल देशी वाटते. तिचे वास्तुकार होते कार्ल डोरिंग हा जर्मन आणि एडवर्ड हीली हा इंग्रज.

तिसरे ठिकाण शब्दाचे. थायलंडमध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्याला सर्वसाधारणपणे ‘नक्सुक्सा’ म्हणतात. त्यातला ‘सुक्सा’ म्हणजे आपली शिक्षा, शिक्षण या अर्थाची. चुलालोंगकोर्नचा विद्यार्थी मात्र ‘निसित’. हा पालीतला ‘निस्सित’, संस्कृत ‘निश्रित’ : आश्रयाने राहणारा. विनयात नव्या भिक्षूने आचार्याच्या ‘निस्सया’त राहायचे असते, तिथला हा शब्द. विद्यार्थी शहरापासून दूर, विद्यापीठाच्या आवारातच राहत म्हणून हे नाव पडले, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते बरोबर असेल. पण शब्द निवासापुरता थांबत नाही. विनयातला आश्रय दोन्ही बाजूंना बांधणारा आहे, आचार्याचीही कर्तव्ये तिथे मोजून दिली आहेत, आणि मुख्य म्हणजे त्याला मुदत आहे : समर्थ भिक्षू पाच वर्षांनी आश्रयातून मोकळा होतो. राजाच्या दानाला जोडल्यावर या आश्रयाची मुदत नाहीशी झाली.

जनपक्षाला हे जाणवले असावे, असे मला वाटते. १९३४ मध्ये प्रीदी बनोम्योंग यांनी दुसरे विद्यापीठ काढले, थम्मसात, म्हणजे धर्मशास्त्र. कायदा आणि राज्यशास्त्र हे विषय चुलालोंगकोर्नमधून उचलून तिथे नेले. दार सर्वांना उघडे ठेवले आणि पहिल्याच वर्षी सात हजारांवर विद्यार्थी आले. तिथला विद्यार्थी ‘निसित’ नव्हता, ‘नक्सुक्सा’ होता. गंमत अशी, की थम्मसातही राजवाड्याच्याच जागेवर आहे, आणि तो वाडा म्हणजे राजाने मोडीत काढलेला ‘पुढचा वाडा’. तिसरे शिल्पाकोर्न (शिल्पाकर) विद्यापीठ, तेही था फ्रा नावाच्या राजवाड्यात. बँकॉकमध्ये विद्येला वाड्याखेरीज जागा मिळाली नाही असे म्हणावे, तर थम्मसातने जागेबद्दल कुणापुढे मान तुकवली नाही. म्हणजे दोष मातीचा नाही. कुठली गोष्ट सांगत त्या मातीवर राहायचे, याचा आहे.

ही दुसरी गोष्ट सांगू पाहणारा एक निसित चुलालोंगकोर्नमध्येच होऊन गेला. चित पूमिसक. नाव मुळाप्रमाणे लिहायचे तर चित्र भूमिशक्ती. जन्म १९३०. कलाशाखेचा विद्यार्थी, ख्मेर शिलालेखांत आणि शब्दांच्या व्युत्पत्तीत रमणारा. दर वर्षी २३ ऑक्टोबरला, चुलालोंगकोर्न राजाच्या पुण्यतिथीला, विद्यापीठाचा वार्षिक अंक निघे. १९५३ च्या अंकाचा संपादक चित होता. त्याने अंकाचा ठरलेला साचा मोडला. राजस्तुतीऐवजी समाजातल्या पिळवणुकीवरचे लेखन घेतले, भिक्षूंच्या ढोंगावर टीका घेतली. अंक छपाईतच अडवला गेला. २८ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या सभागृहात, विद्यार्थ्यांनी भरलेल्या सभेत, त्याला जाब विचारण्यात आला. आणि तो बोलत असतानाच काही विद्यार्थ्यांनी त्याला उचलून व्यासपीठावरून खाली फेकले. पाठीला मार लागून तो रुग्णालयात गेला. विद्यापीठाने त्याचे शिक्षण काही काळ स्थगित केले. फेकणारेही निसितच होते, हे विसरता येत नाही.

पुढे त्याने परत येऊन पदवी घेतली, आणि १९५७ मध्ये ‘आजच्या थाई सक्दिनेचा खरा चेहरा’ हा त्याचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला, तोही थम्मसातच्या वार्षिकात. क्रेग रेनल्ड्स यांनी १९८७ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातून मी तो वाचला. सक्दिना या शब्दाचे दोन तुकडे : ‘सक्दि’ म्हणजे शक्ती, अधिकार, आणि ‘ना’ म्हणजे भातशेत. जुन्या सयाममध्ये माणसाचा दर्जा शेतांच्या आकड्यात मोजला जाई. साध्या रयतेला फार तर २५ राई, मोठ्या मंत्र्याला १०,००० राई. ती जमीन प्रत्यक्ष हातात असेच असे नाही. पण दंड किती, मान किती, न्यायात शब्दाला वजन किती, सगळे त्या आकड्यावर. चित म्हणतो, हा केवळ दरबारी दर्जा नव्हे. जमिनीवरची मक्तेदारी हाच या व्यवस्थेचा कणा आहे आणि बाकी संस्कृती त्यावर चढवलेली आहे. मार्क्सवादी साचा त्याने जरा जास्तच घट्ट बसवला आहे, युरोपीय सरंजामशाहीची मापे सयामला लावताना तो घाई करतो, आणि पुरावा अपुरा पडला की आवाज चढवतो. तरीही शब्दाला धरून समाजाच्या तळापर्यंत उतरण्याची त्याची रीत मला थक्क करून गेली. शेतामधल्या वाड्याच्या आवारात शिकलेल्या मुलाने ‘शेत’ या अक्षरापासूनच सुरुवात केली.

आणि हा निबंध त्याने ज्या नावाने छापला ते वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. सोमसमय सीसूतपन. मुळाप्रमाणे : समसमय श्रीशूद्रवर्ण. बौद्ध थायलंडमध्ये चातुर्वर्ण्य आपल्यासारखे कधी नव्हते. तिथल्या एका तरुण पंडिताला सत्तेविरुद्ध उभे राहताना ‘शूद्र’ हे नाव घ्यावेसे वाटावे, आणि त्याला पुढे ‘श्री’ लावावासा वाटावा! जोतीराव फुल्यांचे नाव त्याच्या कानावर गेले होते असे मी म्हणत नाही. तसा काही आधार नाही. पण ज्या शब्दाने आपल्याकडे माणसांना शतकानुशतके खाली ठेवले, तोच उचलून कपाळी लावायची ही चाल मराठी वाचकाला अनोळखी नाही. १९५८ च्या लष्करी उठावानंतर चितला अटक झाली. सहा वर्षे तो तुरुंगात होता आणि तिथेही लिहीत होता. सुटल्यावर तो जंगलात कम्युनिस्टांना जाऊन मिळाला. ५ मे १९६६ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, ईशान्येकडच्या एका गावाजवळ त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

आता कृतज्ञतेच्या विधीकडे येतो. विद्यापीठाच्या दर्शनी हिरवळीवर चुलालोंगकोर्न आणि वजिरावुध या पितापुत्रांचा जोडपुतळा आहे. तो १९८० च्या दशकातला, म्हणजे विद्यापीठाहून सत्तरएक वर्षांनी धाकटा. नवे विद्यार्थी त्याच्यासमोर रांगेत बसून शपथ घेतात आणि जमिनीला कपाळ टेकवून साष्टांगासारखा नमस्कार करतात. ३ ऑगस्ट २०१७ रोजी, विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात, विद्यार्थी परिषदेचा निर्वाचित अध्यक्ष नेतिवित चोतिफत्फैसाल आणि त्याचे काही सहकारी उभे राहिले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. त्यांच्यातल्या एका विद्यार्थ्याची मान एका अध्यापकाने हाताच्या विळख्यात धरली. ते दृश्य जगभर पोचले. महिन्याभरात नेतिवितचे अध्यक्षपद गेले. तिथे राजसंस्थेच्या अवमानाबद्दल कलम ११२ खाली अनेक वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो; त्या हवेत नुसते उभे राहणेही सोपे नसते.

नेतिवितचा युक्तिवाद बंडखोराचा नव्हता, इतिहासाच्या विद्यार्थ्याचा होता. लोटांगण घालण्याची प्रथा ज्या राजाने बंद केली तो चुलालोंगकोर्नच. १८७३ मध्ये, वीस वर्षांचा झाल्यावर दुसऱ्यांदा राज्याभिषेक झाला तेव्हा, दरबारात सर्वांनी उभे राहावे अशी आज्ञा त्याने काढली. या प्रथेत जुलूम आहे असे कारणही दिले. आणि त्याच्या आदल्याच वर्षी तो हिंदुस्थानात येऊन गेला होता. कलकत्ता, दिल्ली, आग्रा, लखनौ, काशी आणि आपली मुंबईही त्या दौऱ्यात होती. मुंबईत त्याने कोणाला उभ्याने बोलताना पाहिले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. कल्पनाच ती, तिच्यावर इमला बांधणार नाही. राजाच्या नावाच्या विद्यापीठात राजाचीच आज्ञा पाळणाऱ्याला शिक्षा झाली, एवढे मात्र कल्पना नाही.

या सगळ्यावर माझ्या यजमान प्राध्यापकबाईंचे म्हणणे वेगळे होते, आणि त्यात तथ्य आहे. त्या म्हणाल्या, ‘दान म्हटले म्हणूनच ही जमीन वाचली. नाहीतर शहराच्या मध्यभागी इतकी जागा विद्यापीठाला कोण ठेवू देणार?’ मी ते नाकारत नाही. पण वाचली म्हणजे कशी वाचली, ते बाहेर पडताच दिसते. विद्यापीठाच्या जमिनीपैकी सुमारे तीस टक्के जमीन व्यापारी वापरात आहे. १९६० च्या दशकात उभा राहिलेला सियाम स्क्वेअर, एमबीकेचा अवाढव्य बाजार, सामयानचे मनोरे : भाडे विद्यापीठ घेते. कूळ असलेले विद्यापीठ शहरातला मोठा घरमालक झाले. शताब्दीला त्याने याच जमिनीवर एक सुंदर उद्यान केले, एका बाजूला उतरते, पावसाचे पाणी साठवून पूर अडवणारे. ते मी मनापासून पाहिले. आणि त्याच परिसरातल्या जुन्या चिनी वस्तीतले थप्तिम देवीचे देऊळ हलवून तिथे निवासी मनोरे बांधायचे ठरले, तेव्हा २०२० मध्ये देवळाच्या बाजूने उभे राहिले त्यांत चुलालोंगकोर्नचेच विद्यार्थी होते.

मला वाटते, दानाच्या कथेत विद्यापीठाला नको असलेली एक फट इथे आहे. दान म्हटले की दानाचा हेतू विचारता येतो. राजाने शिक्षणासाठी जमीन दिली असेल तर बाजार कुणाला विचारून भरवला, हा प्रश्न कृतज्ञ निसितही विचारू शकतो, कृतघ्न न ठरता. आणि १९३९ चा कायदा पुढे ठेवला तर प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण मग जमीन सार्वजनिक विश्वस्ताची, आणि हिशेब मागायचा हक्क थप्तिमच्या देवळात उदबत्ती लावणाऱ्या म्हातारीलाही. दोन्ही कथांपैकी एकही विद्यापीठाला भाडेवसुलीसाठी सोयीची नाही. सोयीचे आहे ते त्यांची सरमिसळ करून अर्धे-अर्धे सांगणे.

चर्चासत्र संपल्यावर प्राध्यापकबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. वाटेत विलायती शिरीषाची जुनी झाडे होती, फुलांचा गुलाबी सडा पडलेला. हे झाड विद्यापीठाचे चिन्ह आहे. तिथे त्याला चामचुरी म्हणतात. १९६२ च्या जानेवारीत राजा भूमिबोलने यातली पाच स्वतःच्या हाताने लावली. मी म्हटले, हे झाड आमच्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरही आहे, आणि मुळात ते दक्षिण अमेरिकेतले. ‘हो का?’ त्या म्हणाल्या, ‘आम्हाला वाटायचे, राजाने आणले.’ मग थोडे थांबून स्वतःच हसल्या, आणि टॅक्सीवाल्याला माझ्या हॉटेलचा पत्ता थाईत समजावून सांगू लागल्या.